छत बाकी

निरोपाचा समारंभ कोलूच्या अंगणात ठेवला होता, कारण लोफा जिल्ह्यातल्या त्या गावात तिच्याच घराच्या भिंती सगळ्यांत सरळ होत्या. त्या आकोईने बांधल्या होत्या. लढाईत तिचं जुनं घरही त्यानेच पेटवलं होतं.

परदेशी संस्थेने आठ महिने त्याला मजुरी दिली, दुपारचा भात दिला आणि रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी कोलूला "ओल्ड मा, मला माफ कर" म्हणायला शिकवलं. पहिला महिनाभर कोलूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका दुपारी कुणी न सांगता तिने त्याच्या भातावर कसाव्याच्या पाल्याचं कालवण वाढलं.

आता छत तेवढं राहिलं होतं.

"बाई, पत्रे कधी बसवणार?" तिने विचारलं.

"आमची मुदत संपली, ओल्ड मा. तुमचा देश आता सावरलाय," संस्थेची बाई हसून म्हणाली. "छताचं कमिशनरसाहेब बघतील."

कमिशनरसाहेबांनी मान डोलावली. ते बसले होते ती खुर्चीसुद्धा संस्थेचीच होती. पत्रे सकाळीच ट्रकवर चढले होते. दुसऱ्या कुठल्याशा देशातली लढाई नुकतीच थांबली होती.

मग कोलूला आणि आकोईला भिंतीपाशी शेजारी उभं केलं. हात मिळवायला सांगितलं. दोघांनी मिळवले. फोटो निघाला, खुर्च्या गोळा झाल्या, गाड्या धूळ उडवत निघून गेल्या.

आकोई चालू लागला तशी कोलूने हाक मारली.

"आकोई, पावसाआधी वर गवत तरी घालू. उद्या येशील ना?"

"योजना संपली, ओल्ड मा."

"मी तुला विचारतेय. योजनेला नाही."

"फुकट कोण राबतं?"

कोलूचा आवाज चढला. "आणि माझं घर जाळलंस, तेव्हा कोण देत होतं रे तुला मजुरी?"

आकोईने जरा आठवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती.

"कमांडर द्यायचा," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही त्याने."

तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत कोलू उभी राहिली. मग चार भिंतींच्या आत गेली आणि उघड्या आभाळाखाली तिने दार लावून आतून कडी घातली.