कपाटापलीकडचा अंधार

"झालं का?" थोरल्याने परत विचारलं. खुर्चीत बसायचं, उठायचं, स्टुडिओच्या दारापर्यंत जायचं आणि परत येऊन फोटोवालीच्या मानेशी उभं राहायचं, असं त्याचं मघापासून चाललं होतं. घर घेणारी पार्टी फोटोंसाठी खोळंबली होती. त्यांनी दुसरीकडे बघितलं की सगळं मुसळ केरात.

"बसा हो जरा. असं डोक्यावर उभं राहून काम लवकर होत नाही," फोटोवाली म्हणाली.

स्क्रीनवर थोरल्याच्या आईची खोली होती. सकाळी फोटो काढताना फोटोवालीने खिडकीचा उजेड बघून कॅमेरा लावला होता, त्यामुळे बाहेरची झाडं आणि आभाळ झकास आलं होतं आणि खोली मात्र काळीकुट्ट. ती नेहमी असंच करायची. पांढरीफटक झालेली खिडकी परत आणता येत नाही, अंधारातलं मात्र बरंच काही नंतर वर काढता येतं.

"ही खोली बघून कोण घेणार घर?"

"थांबा ना. आता मास्क लावते. ब्रश फिरवीन तेवढाच भाग उजळेल, खिडकीला धक्का नाही."

पलंग उजळला. मग फरशी, मग टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या. थोरला जरा सैलावला. निदान पाय हलवायचा थांबला.

"कपाटाच्या पलीकडेही करा थोडं. खोली ऐसपैस वाटली पाहिजे."

ब्रश कपाटापलीकडे, सकाळी डोळ्यांनाही न दिसलेल्या काळोख्या कोपऱ्यात गेला. आधी खुर्चीचा पाय दिसला, मग शेजारी दोन पावलं. फोटोवालीचा हात थांबला.

"घरात कोणी नाही म्हणाला होतात."

"नव्हतंच. आपण येणार म्हणून आईला मी शेजारी बसायला धाडलं होतं." थोरला वाकला. "करा अजून."

तिने एक्स्पोजर वाढवलं. खुर्चीत आई होती. शाल दोन्ही खांद्यांवर नीट घेतलेली, पाठ ताठ, नजर कॅमेऱ्याकडे. चष्मा काढून मांडीवर धरला होता. फोटो म्हटला की ती चष्मा काढायचीच.

थोरला परत खुर्चीत बसला. सकाळी त्याच खिडकीशी, खोलीकडे पाठ करून, तो बहिणीशी फोनवर बोलला होता, तेही चांगलं खणखणीत. घर विकतोय हे आईला आत्ताच सांगू नकोस, व्यवहार उरकला की वृद्धाश्रमात सोडू, चार दिवस रडेल आणि रमेल. फोटोवालीनेही ते ऐकलं होतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणत ती ट्रायपॉड सरळ करत राहिली होती. आता तिला फार लाज वाटली.

"हिला... काढता येईल का फोटोतून?" थोरल्याने विचारलं.

"येईल. कठीण काहीच नाही त्यात. काढू?"

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. खिशातून फोन काढला, आत ठेवला, परत काढला. शेवटी लावला एकदाचा.

"आई, सकाळी तू खोलीत..."

"शेजारी कुलूप होतं रे, म्हणून तुमच्या आधीच परत आले," आईचा आवाज फोटोवालीलाही ऐकू येत होता. "मग तुम्ही आलात. मधेच उठून जावंसं फार वाटलं. पण म्हटलं, मी हलले तर तुमचा फोटो बिघडायचा."