मधली रेघ

"ही मधली रेघ कुणी मारली?"

मुलीने आलेखाचा कागद उलटा करून त्यावरून बोट फिरवलं होतं आणि ते एका जागी थांबलं होतं. तिला दिसत नव्हतं. परीक्षेत ती सांगेल ते लिहायला नेमलेल्या काकू, टायपिस्टच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, समोर बसल्या होत्या. कागदाखाली जाड रबरी पॅड होतं. त्यावर बॉलपेन दाबून चालवलं, की मागच्या बाजूला रेघ उठून यायची. मुलगी तीच वाचत होती, डावं-उजवं मनातल्या मनात उलटं करून.

"मी मारली," काकू म्हणाल्या. "दोन तुकडे नुसते लोंबत होते गं. जोडून टाकले."

"मी सांगितलं होतं जोडायला?"

"नाही, पण आलेख असा तुटका कसा असेल? वाटलं, तुझ्याच सांगण्यात काहीतरी राहिलं."

मुलीची कानशिलं तापली. "छेदात क्ष उणे दोन आहे, काकू. क्ष दोन झाला की छेद शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे आलेखच नसतो. डावा तुकडा त्या जागेपाशी खाली खाली जातो, उजवा वरून खाली येतो, आणि मधल्या उभ्या रेषेला दोघंही शिवत नाहीत. हे सगळं मी सांगितलं. तुम्ही हो हो म्हणालात."

"अगं, चांगलं दिसावं म्हणून केलं."

"कुणाला?"



दाराशी खुर्ची टाकून बसलेले पर्यवेक्षक उठले. ही एरवी खेळाचं सामान ठेवायची खोली. भिंतीला टेकवलेल्या गाद्यांमधून वाट काढत ते बाकापाशी आले. "आवाज कमी. पलीकडे मुलं पेपर लिहितायत."

"मीही पेपरच लिहितेय, सर. मला आलेखाचा दुसरा कागद द्या."

"कशाला एवढा आटापिटा? आलेखाचा प्रश्न तुम्हा लोकांना माफ असतो. बाकीच्या प्रश्नांची सरासरी काढून गुण देतात. आयतेच मिळतायत, घे की."

"मग पलीकडच्यांनाही माफ करा."

"त्यांना काढता येतो."

"मलाही येतो. फक्त हात माझा नाही."

"हे बघ बाळ, वेळ थोडा उरलाय."

"म्हणून तर म्हणते, लवकर आणा."

सर पुटपुटत गेले आणि तितकेच पुटपुटत कागद घेऊन आले. मुलीने आधीच्या आलेखावर काट मारायला लावली. मग नव्याने सांगायला लागली. आवाजाला धार आली होती.

"उभी तुटक रेषा, क्ष बरोबर दोन. आडवी तुटक रेषा, य बरोबर एक. आता डावा तुकडा. डावीकडून आडव्या रेषेच्या जरा खालून सुरू करा. उणे एकपाशी अक्षाला छेदा. पुढे खाली. आणखी खाली. उभ्या रेषेला लागू नका. दाबून."

"दाबतेय."

"थांबा. पेन उचला. उचललं?"

"उचललं."

"पूर्ण?"

"हवेत आहे गं, हवेत! आता काय छताला लावू?" काकूंचाही पारा चढला होता.

"उजवा तुकडा. उभ्या रेषेच्या उजवीकडे, पार वरून. खाली या. पाचपाशी उंची दोन. मग आडव्या रेषेच्या जवळ जवळ जा, टेकू नका. झालं?"

"झालं."

मुलीने कागद उलटा केला. एक तुकडा, दुसरा तुकडा. मधे तुटक रेषेचे बारीक उंचवटे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सपाट कागद. तिने तो सपाट भाग दोनदा चाचपला आणि कागद काकूंकडे सरकवला.

घंटा झाली. सरांनी कागद उत्तरपत्रिकेला जोडून घेतला आणि वरच्या पानावर काहीतरी लिहू लागले. पेनची खरखर ऐकून मुलीने मान वळवली.

"काय लिहिताय, सर?"

"शेरा. प्रश्न चौथा, सूट. नियमच आहे तसा."

"म्हणजे तपासणारा तो बघणारच नाही?"

"त्याला बघायची गरजच नाही."

मुलीने हात पुढे टाकला आणि उत्तरपत्रिकेवर पंजा दाबून धरला. "मी सोडवलाय तो. तसं लिहा."

"हात काढ."

"लिहा आधी."

"उद्धटपणा पुरे. माझं सगळं खोळंबलंय."

"माझं नाही खोळंबलं. मी बसते इथेच."

सरांनी दाराकडे पाहिलं. मग पेन चालल्याचा आवाज झाला, छोटासा. "हं, लिहिलं. झालं समाधान? काढ हात."

मुलीने हात काढला नाही. पानावर काय आहे हे तिला कळायला एकच वाट होती, आणि त्या वाटेवर तिने आत्ताच आग ओकली होती.

"काकू," ती म्हणाली, "वाचा."

काकूंनी चष्मा वर सरकवला. पानाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"सही आहे," त्या म्हणाल्या. "सूट, आणि त्याखाली ह्यांची सही. बाकी काही नाही."

"बाई, तुम्ही..."

"पोरीला दिसत नाही म्हणून काहीही खपवता? लाज नाही वाटत?" काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. "लिहा. मी वाचल्याशिवाय ती हात काढणार नाही, आणि मी पण हलणार नाही."

सरांनी 'सूट' खोडलं. खाली लिहिलं, एकेक अक्षर दाबून. काकू वाकल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"प्रश्न चौथा सोडवीला आहे. 'सोडवीला'तला वी दीर्घ काढलाय ह्यांनी. ऱ्हस्व हवा." त्यांनी सवयीने पेनचं टोपण काढलं. "करू का नीट?"

"हात लावू नका," मुलगी म्हणाली. "चूक त्यांची आहे. त्यांचीच राहू दे."