नानांचा दगड

"टाकी भरली होऽऽ, मोटार बंद करा!" टेकडीवरून येणारी गहिनीनाथनानांची ही हाळी ऐकतच रंगनाथ लहानाचा मोठा झाला होता. बहात्तर साली साखर कारखान्याने बिनतारी यंत्रं आणली, ती बसवायला तोच आला. टाकीपाशी निरोप धाडणारं यंत्र त्याने चार ठिकाणी ठेवून पाहिलं, पण खाली पंपावरची घंटा वाजेना.

"आरं येड्या, तिथनं आवाज जात न्हाई," नाना हसले. "ह्या दगडावर ठेव. वीस वर्सं हितनंच वरडतोय मी."

दगडावर ठेवताच खाली घंटा खणखणली.

"बघ! आता ह्ये यंत्र अन् मी, दोघं मिळून राखू टाकी."

सकाळपासून गिळलेलं रंगनाथच्या ओठांवर आलं, "नाना, उद्यापासून तुमी येऊ नका."