बायनाबाईचा तिखूर

पत्र तिसऱ्यांदा वाचून देवाजीने ते खिशात घातलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच गोदामाला कुलूप लावलं. एरवी ते सताड उघडं असायचं. चोरायला होतं काय आत? भिंतीशी रचलेले बायनाबाईचे डबे तेवढे होते. आज मात्र त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि सायकलवर टांग टाकली.

तिखूर म्हणजे जंगलातला हळदीच्या जातीचा कंद. दिवाळीनंतर खोदायचा, ठेचायचा, फडक्यातून गाळायचा आणि कडूपणा जाईपर्यंत रोज पाणी बदलत राहायचं. तळाशी पांढराशुभ्र साका बसतो, तोच स्टार्च. नागपूरची एक कंपनी तो जपानला पाठवायची आणि एटापल्लीला तिचा माणूस म्हणजे एकटा देवाजी. पुढे जपानला थायलंडचा कसाव्याचा स्टार्च स्वस्त पडायला लागला. कंपनीने कळवलं, तिखुराची खरेदी बंद, पुढचं कळवेपर्यंत गोदाम राखत बसा.

गावोगावच्या बायांना देवाजीने तसं सांगून टाकलं. बायनाबाईच्या अंगणात मात्र त्याची जीभ उचलेना. तिचा नवरा तापाने गेलेला, लेक सिरोंच्याकडे कामाला गेला तो परत फिरकला नाही. घर पाड्याच्या अगदी शेवटी, पुढे नुसतं जंगल. त्यात तिनेच आधी विचारलं, "भाऊ, जपानच्या सायबाले आवडला का माल?"

"आवडला ना," तो म्हणून गेला. झालं, एकदा म्हटल्यावर माघार कशी घ्यायची?

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तो भरलेला डबा न्यायचा, रिकामा ठेवायचा आणि ठरल्या रिवाजाप्रमाणे डब्याच्या बदल्यात तांदूळ द्यायचा. आता ते तांदूळ त्याच्या पदरचे असायचे, एवढाच फरक. बिचारीचं मन मोडू नये म्हणून हे सगळं, असं तो स्वतःला बजावायचा. पण खरं सांगायचं तर गरज त्यालाच जास्त होती. बायको गेल्यापासून "बसा भाऊ, चहा ठेवते" म्हणणारं दुसरं कोणी त्याला उरलं नव्हतं. परतताना सायकलला डबा अडकवला की त्याला पुढचे पंधरा दिवस फार लांब वाटायचे.

बाईही मोठी चिवट. भर पावसात जंगलात पाऊल टाकता यायचं नाही, तेव्हाही डबा भरलेला. "कंद सुकवून ठेवले होते ना," म्हणायची. झाकणाच्या कडेला मेण लावून द्यायची आणि दर खेपेला बजावायची, "उघडू नका भाऊ, ओल धरते." देवाजीने एकही डबा उघडला नाही. गोदामात आणून रचून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला जपानच्या साहेबाचं काहीबाही कौतुक रचून सांगायचा.

आणि आज हे पत्र. जपानला पुन्हा तिखूरच पाहिजे होता, तान्ह्या बाळांच्या खाण्यासाठी. तिथला साहेब नागपूरला उतरला होता आणि सोमवारी एटापल्लीला येणार होता. चांगला माल मिळाला तर खरेदी सुरू, नाही तर गोदाम कायमचं बंद करून देवाजीने नागपूरला यायचं. नागपूरला त्याचं कोण होतं? पण चिंता कशाची? पन्नासेक डबे तयार होते. दोन वर्षांचं खोटं एका पत्राने खरं करून टाकलं होतं.

बायनाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. "आज कसे काय, भाऊ? पंधरा दिस कुठी झाले?"

"जपानचा साहेब येऊन राह्यला, बाई. सोमवारी."

"इथी?"

"गोदामात. तुमचा माल पाहाले. डबे उघडून, शिजवून पाहणार."

तिने सूप खाली ठेवलं. "माल तर जातेच ना तिकडं. मग येवढ्या दुरून काऊन येते तो?"

देवाजी तिच्यासमोर खाली बसला. आता लपवून उपयोग नव्हता आणि खरं म्हणजे लपवायचा त्याला कंटाळाही आला होता.

"एकही डबा गेला नाई, बाई. खरेदी दोन सालापासून बंद आहे. मी खोटं बोलत होतो. सारे डबे गोदामात आहेत."

ती रागावेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली.

"आता जातील ना पण," तो घाईने म्हणाला. "सारेच्या सारे जातील."

"नका दाखवू, भाऊ, त्या सायबाले."

"काऊन?"

"माझे गुडघे कवाचेच गेले. कंद खोदाले बसताच येत नाई. डबा भरला नाई तर तुम्ही काऊन यान, म्हणून तुमच्याच तांदळाचं पीठ दळून भरलं."

"किती डब्यात?"

"दोन पावसाळे झाले. सारेच पिठाचे."

देवाजीचा हात खिशातल्या पत्राकडे गेला.

"पिठाचा पयला डबा देल्ला तवा बहुत भेव वाटलं मले," बायनाबाई म्हणाली. "पंधरा दिसानं तुम्ही आले अन् म्हणाले, सायबाले हा डबा आधीच्यापेक्षा जास्त आवडला."