कोणीच भेटलं नाही

"कोणी पाहिलं तर?" कॅप्टन ह्योननं विचारलं.

"तो उरत नाही, कॉम्रेड कॅप्टन," सोक-चोल म्हणाला.

"आणि उरला तर?"

"माझे आईबाप कैद्यांच्या छावणीत."

"शाब्बास."

पाठ थोपटायला जागाच नव्हती. त्या बुटक्या पाणबुडीत पाच माणसं बरणीतल्या फोडींसारखी कोंबलेली, तीही नऊ तास. नकाशा एकट्या कॅप्टनकडे, होकायंत्रावर फडकं. बाकीच्यांनी काही विचारायचं नाही, अशी रीतच होती. निघण्यापूर्वी सोक-चोलनं नखं आणि केसांची बट पाकिटात घालून आईच्या नावानं ठेवली होती. मागं पुरायला काहीतरी हवं. तेव्हाही त्याला काही वाटलं नव्हतं. आताशा काहीच वाटत नसे.

पोहत तो शत्रूच्या, दक्षिणेच्या किनाऱ्याला लागला तेव्हा उजाडत होतं. टेकडीवरच्या रडारचे फोटो काढायचे आणि परतायचं, एवढंच काम. फोटो काढून खाली आला, तर खडकाआड शिंपले वेचणारी म्हातारी थेट समोर.

"अगं बाई! पार भिजलास की रे," ती म्हणाली. प्रशिक्षणात टेपवर ऐकवत तस्सा दक्षिणी हेल. "उत्तरेकडचा दिसतोस."

त्यानं सुरा काढला.

"मार बाबा. साठी उलटली माझी, घाबरू कशाला? पण आधी हे खा. उपाशीपोटी असली कामं करू नयेत."

तिनं भाजलेलं रताळं पुढं केलं. ते गरम होतं. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला गलबलून आलं, आणि त्याचा त्याला रागही आला.

"आजी, कोणाला सांगशील?"

"कोणाला सांगू? घरात मी आणि मांजर. जा, तुझी आई वाट बघत असेल."

त्यानं सुरा म्यानात घातला.

पाणबुडीत कॅप्टननं वही उघडली. "कोणी भेटलं?"

"नाही."

"नीट आठव."

"कोणीच भेटलं नाही, कॉम्रेड कॅप्टन."

कॅप्टननं त्याच्याकडं न बघताच लिहून घेतलं. परतीचा प्रवास लवकर संपला. आपला डोळा लागला असावा, असं सोक-चोलला वाटलं.

झाकण उघडलं. आपलं बंदर, आपला झेंडा. धक्क्यावर अधिकारी रांगेत उभे होते आणि सगळ्यांच्या पुढं, कडक गणवेशात, ती शिंपलेवाली म्हातारी. कॅप्टननं तिला सलाम ठोकून वही दिली.

तिनं वाचलं. मग अस्सल उत्तरेच्या बोलीत शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं, "याचे आईबाप कुठल्या गावी असतात?"