रतन फक्त ऐकू येतो

घाटकोपरचा माझा दोस्त रतन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. त्याच्या घरी त्याची मुलाखत घ्यायची म्हणून मी लग्नांचं शूटिंग करणारा व्हिडिओवाला ठरवला. प्रश्न विचारायच्या नादात कॅमेरा कुठे फिरतोय याकडे माझं लक्षच राहिलं नाही.

रविवारी सगळे मिळून कॅसेट बघायला बसलो. रतनची आई दिसली, वहिनी दिसली, शेजारणींच्या साड्या दिसल्या, बटाटेवडे खाणारी तोंडं तर एकेक करून दिसली. रतन मात्र फक्त ऐकू येत होता. बोलतानाही आणि वाजवतानाही.

“वाट लावली यार त्या व्हिडिओवाल्याने. मुलाखत कोणाची आहे, एवढंही कळू नये?” मी वैतागून म्हणालो.

रतन टीव्हीकडेच बघत होता.

“चिडू नको रे. लोकांच्या घरी लग्नाच्या एवढ्या कॅसेटी आहेत ना, त्यात मी असाच आहे.”