दोनशे बारा सह्या

एकोणसत्तर साली कलकत्त्याजवळच्या बजबज गावी तागाच्या गिरणीमागच्या वस्तीत दारूचं तिसरं दुकान उघडलं. ‘वस्तीच्या संमतीशिवाय परवाना देऊ नये, असा कायदा करा’ हा तिथल्या बायकांचा अर्ज घेऊन समाजसेविका श्यामलाबाई सरकारी कचेरीत गेल्या.

“नुसते अंगठे? सह्या आणा, बाई,” कारकून म्हणाला.

बाई इरेला पेटल्या. दोन वर्षं कलकत्त्यातल्या बेहालाच्या घरून बस धरून वस्तीत जात राहिल्या. नवऱ्याच्या मारानं सुजलेल्या बोटांत पेन्सिल धरून बायका बाईंच्या हातचा कित्ता गिरवत आपापलं नाव शिकल्या. दोनशे बारा सह्या पाहून बाईंना भरून आलं. अक्षराचं वळणसुद्धा हुबेहूब त्यांचंच उतरलं होतं.

महिन्याभरात अर्ज शेऱ्यासकट परत आला.



“सर्व सह्या एकाच हातच्या दिसतात. अर्ज बनावट समजून निकाली काढला.”